हिरव्या कापडाआडचा माणूस

आमचं रान शिरूरच्या बाजूला, भीमेला लागून. पल्याडला दौंड. मधी बंधाऱ्यानं फुगल्यालं नदीचं पानी आन् काठानं वेड्या बाभळी. त्याच काठाला आमच्या समद्यांच्या मोटारी हायेत. थंडीत त्यांच्या केबली चोरीला जायला लागल्या. आतली तांब्याची तार काढून इकत्यात. केबल गेली की मोटार बंद, मोटार बंद की ऊस वाळला. माझी केबल तेवढी जाग्याव होती. चोर मला भितो, असं मी पारावर सांगायचो.

तवाच बाभळीत एक हिरवं कापड दिसलं. तंबूच म्हना, पन बसल्याल्या म्हशीएवढा. त्याला भोकं पाडल्याली, वर फांद्या खोवल्याल्या. सकाळच्या पारी आत एक मानूस. पुन्याचा असावा, बूट लई स्वच्छ होतं.

"काय करताय?" मी इचारलं.

"पक्षी बघतोय."

"लपून?"

"दिसलो की उडतात ते."

चोर तरी दुसरं काय सांगनार? वर त्यानं मलाच इचारलं, "दादा, तुमची मोटार किती वाजता चालू होते?"

झालं. मोटार चालू असली म्हंजी केबलीत करंट. मोटार कवा बंद असती, ते चोरालाच पायजे ना? मी म्हनलं, "लाईट येईल तवा," आन् सुसाट वस्तीवर आलो.

शेजारचं आप्पा धार काढत होतं. त्यांची केबल आधीच गेल्याली.

"आप्पा, चोर घावला. पक्षी बघतोय म्हंतो."

"बगळं बघायला पुन्यावरनं पेट्रोल जाळत आला व्हय?"

बेत मीच सांगितला. रोज पहाटं मी उसात दडून नजर ठेवायची. कापड हललं की चोर आत हाय समजायचं आन् बांधाआड बसल्याल्या समद्या मोटारवाल्यांनी काठ्या घेऊन यायचं.

दोन-तीन सकाळी मी उसात बसलो, पन कापड काय हललं न्हाई. मग एकदा तो गडी कॅमेरा घेऊन काठानं लांब गेला. म्हनलं, आत ठेवल्याल्या पिशवीत तार कापायची पक्कड असनार. गेलो सरपटत आत. पिशवीत बिस्किटं आन् पान्याची बाटली. माझं तोंडच उतरलं.

तेवढ्यात भोकातनं बघितलं. उथळ पान्यात पिवळ्या लांब चोचीचं थोराड पक्षी उभं. शेपटाशी गुलाबी, जनू हळदीकुंकवाला निघाल्यात. जन्म गेला ह्या काठाला, पन एवढ्या जवळनं कवाच बघितलं न्हवतं. मी गेलो की ते उडायचं, म्हंजी मी आजवर त्यांची पाठच बघितल्याली. त्यातला एक चोच उघडी ठेवून पान्यात फिरवत होता. मासा लागला की टपकन मिटायची. मी चोर इसरलो, पक्कड इसरलो. मुंग्या धोतरात शिरल्या तवा हललो.

कापड हललं.

"बाहेर ये," काठ्यावाल्यांच्या म्होरं उभं आप्पा वरडलं.

आत वळायला जागा न्हाई, म्हनून मी पाठमोराच निघालो. पहिली काठी बसली ती तिथंच. तोंड नंतर दिसलं.

"तू?" आप्पा म्हनलं. "आत काय करत व्हतास?"

"पक्षी बघत व्हतो."

कुनी हसलं न्हाई.

"समद्यांच्या केबली गेल्या, ह्याचीच कशी राहिली?" एकानं इचारलं.

"माझी ॲल्युमिनियमची हाय, ती पन जोडजोडून. चोर ती घेऊन काय करंल?"

"आजवर तर तांब्याची म्हनून सांगत व्हतास."

खरं होतं. पारावर तसंच सांगायचो.

तेवढ्यात पुन्याचा गडी आला. माझी सुटका करील वाटलं. तो म्हनला, "मोटारीच्या आवाजानं पक्षी जातात म्हणून मी वेळ विचारली. पण हे दादा रोज उसात लपून बसतात. मला वाटलं, पक्ष्यांना जाळं लावतायत."

समद्यांनी माझ्याकडं बघितलं.

चोर काय घावला न्हाई. आता काठावर राखनीची पाळी लावलीया. घरटी एक मानूस. पाळी आप्पांच्या घरावरनं निघती आन् माझं घर सोडून पुढं जाती.

मग सकाळी मी त्या गड्याच्या शेजारी तंबूत जाऊन बसतो. तो मला बिस्किट देतो, पन पिशवी मांडीखाली ठेवतो. म्होरल्या भोकातनं पक्षी दिसत्यात. मागल्या भोकातनं राखनीवरचं आप्पा दिसत्यात, काठी आडवी धरून, तंबूकडं तोंड करून बसल्यालं. मुंग्या चावल्या तरी मी हलत न्हाई.