लाल ठिपका

आमच्या बनशंकरीच्या घरमालकांइतका हट्टी माणूस उभ्या बेंगळुरात झाला नाही, हे मी आजही कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. गल्लीत त्यांना सगळे अण्णा म्हणत आणि त्यांची पाठ वळली की हसत. पहिले काही महिने हसणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. नव्वदच्या दशकात नोकरीसाठी पुण्याहून येऊन मी त्यांच्या वरच्या मजल्यावर बिऱ्हाड केलं, तेव्हा पहिल्याच दिवशी या गृहस्थांनी माझा रिकामा माठ बोटाने वाजवला, त्याला कान लावला आणि "सरी", म्हणजे ठीक, म्हणून तो पास केला. त्यांचं घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत कन्नड मुरलेलं.

अण्णा बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात फिल्टर जुळवत. टेलिफोनच्या मनोऱ्यावर बसणारी ही ॲल्युमिनियमची पेटी. आत चांदीचा मुलामा दिलेले पोकळ कप्पे ओळीने, आणि झाकणात प्रत्येक कप्प्यासाठी एक स्क्रू. स्क्रू केसभर फिरवला की त्या कप्प्याचा सूर बदलतो. सगळे सूर जुळले की पेटी हव्या त्या लहरी पुढे सोडते आणि नको त्या अडवते. "काम पोकळी करते. धातू नुसता राखणदार," हे त्यांनी मला किमान शंभरदा ऐकवलं असेल. हे वेड कारखान्यात राहिलं असतं तर ठीक होतं. भाचीच्या लग्नात त्यांनी वऱ्हाडासाठी आणलेल्या सोड्याच्या बाटल्या ओळीत मांडल्या आणि तोंडाशी फुंकर घालत, कुठे एक घोट, कुठे दोन घोट पीत सगळ्या सुरात आणल्या. मुलाकडची मंडळी तहानलेली राहिली. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

अक्कांचा दुसरा राग नेलपॉलिशवर होता. जुळवलेला स्क्रू पुन्हा हलू नये म्हणून अण्णा त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका देत. बांगड्यांच्या दुकानात तासभर उभे राहून बाटली स्वतः निवडत, पण अक्कांच्या नखांना त्यातला थेंब कधी मिळाला नाही. ठिपक्याचा कायदाही कडक होता. जुळवलेली पेटी दिवसभर कारखान्याच्या गच्चीवर उन्हात तापायची, रात्रभर निवायची, सकाळी पुन्हा मोजायची. तरीही सूर जागेवर असला, तरच ठिपका.

मग कारखान्यात नवा मॅनेजर आला. दारात ट्रक उभा करून त्याने फर्मावलं, आज जुळवलेला माल आजच जाईल, ठिपके लगेच द्या. अण्णांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, ती खिशात टाकली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "ट्रक तुमचा, कारखाना तुमचा. ठिपका माझा. तो उद्या सकाळी." मॅनेजरने दुसरी बाटली मागवली. दुकानात गुलाबी मिळाली. शिपायाने गुलाबी ठिपके दिले, माल गेला आणि अण्णांची रवानगी स्टोअरमध्ये झाली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. एवढ्याशा ठिपक्यासाठी नोकरी कशाला पणाला लावता, असं मीही शहाणपणाने म्हणालो. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

महिनाभरात गुलाबी पेट्या परत यायला लागल्या. मनोऱ्यावर उन्हात तापल्या की त्यांचा सूर सुटत होता. मॅनेजर स्वतः घरी आला. पेट्या पुन्हा जुळवून द्या म्हणाला, पण गिऱ्हाइकाला घाई आहे, तेवढं उन्हात ठेवणं सोडा. अण्णांनी त्याला कॉफी संपवू दिली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. गल्ली म्हणाली, म्हाताऱ्याला माज आहे. असेल. असा माज असलेली चार माणसं मला दाखवा, मी त्यांच्या घरी भाडेकरू म्हणून राहायला जातो. त्या आठवड्यात अक्कांच्या नखांवर पहिल्यांदा लाल रंग दिसला.

उरलेल्या बाटल्यांनी अण्णांनी घर तपासायला घेतलं. मिक्सर, खिडक्यांचे कडी-कोयंडे, माझ्या स्कूटरचा आरसा, सगळ्यांवर ठिपके आले, आणि प्रत्येक ठिपका एक रात्र थांबून.

काही वर्षांनी मी पुण्याला परत निघालो, त्या सकाळी त्यांनी माझ्या कुकरच्या दांड्याचा सैल स्क्रू घट्ट करून दिला. मी म्हटलं, अण्णा, ठिपका राहिला.

"आज कसा देणार? स्वल्प थांबायला हवं," ते म्हणाले. "तुम्ही परत याल तेव्हा कुकर घेऊन या. तपासतो, मग देतो."

मी जाईन जाईन म्हणत राहिलो, आणि एका दुपारी अक्कांचा फोन आला. अण्णा गेले होते.

कुकर अजून रोज गॅसवर चढतो. दांडा जराही हललेला नाही. पण ठिपका नाही, आणि तो देण्याचा अधिकार माझा नाही.