खलनायकाला दिलेला चेहरा

पद्मजाबाईंना मी प्रथम पाहिले ते सोलापुरातल्या आमच्या अ‍ॅनिमेशन संस्थेत. त्या चित्रकला शिकवत आणि मी संगणकावर पात्रे घडवायला शिकवणारा नवा शिक्षक होतो. एका विद्यार्थ्याच्या पडद्यावर बर्फात लढाई चालली होती. सगळे शिपाई चिलखतात, वीरांगनेचे मात्र पोट, मांड्या उघड्या. बाई थबकल्या. "अरे, हिला एकटीलाच थंडी वाजत नाही का?" वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्वांना तिच्यासाठी चिलखत काढायला लावले.

बाई घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. चित्र बिघडले की दोन्हींत रागावतात. पण त्यांना पार हादरलेले मी एकदाच पाहिले.

एका कंपनीने मोबाइलवरच्या खेळाची पात्रे आमच्याकडून मागवली होती. नायक गोरा, नायिका त्याने सोडवायची. खलनायक मात्र 'जंगली टोळीतला, काळाकुट्ट, जाड ओठांचा' हवा होता. ते काम मंगळवेढ्याकडच्या एका मेंढपाळाच्या मुलीकडे, रेखाकडे आले. तिने काढलेला चेहरा कंपनीने लगेच पसंत केला. बाईंनीही कौतुकाने विचारले, "किती जिवंत उतरलाय गं! कुणाला पाहून काढलास?"

"आमच्या आबांचा फोटू हाय की, मॅडम. कंपनीनं सांगितलं तसा चेहरा आनिक कुटं शोधू? डोळे तेवढे लाल केले."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. त्यांनी हळूच विचारले, "आबांची भीती वाटते तुला?"

"न्हाय वो! लई मायाळू हायत." एवढे बोलून रेखा पडद्याकडे वळली आणि बघतच राहिली. मग तिने तोंडावर ओढणी घेतली.

बाईंनी तिथूनच कंपनीला फोन लावला आणि पात्र बदलून देतो म्हणून सांगितले. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, खेळच आहे. लोकांना व्हिलन असाच लागतो."

"दुसरा कधी दाखवून पाहिलात का?"

त्यांनी पाहिला नव्हता, पाहायचाही नव्हता. काम गेले. त्या कंपनीत नोकरी मिळेल अशी मुलांना आशा होती, संस्थाचालकही चिडले. बाई प्रत्येक मुलाच्या घरी गेल्या आणि काम आपल्यामुळे गेले, असे पालकांना स्वतः सांगून आल्या. रेखाला तर नोकरी लागेपर्यंत त्यांनी आपल्याच घरी ठेवून घेतले.

रेखा आज पुण्यात पात्रे घडवते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला तेव्हा मी बाईंजवळच होतो. तिच्या कंपनीच्या नव्या खेळात आफ्रिकी माणसे दिसतील तिथे गुंडच होती. रेखाने बैठकीत भांडून दोन पात्रे बदलायला लावली: एक डॉक्टर झाली, एक वैमानिक. तिसरा गुंडच राहिला.

"मग उद्या परत भांड," बाई म्हणाल्या.

बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. आम्ही ज्याला केव्हाच सरावलो, त्याचा त्यांना आजही धक्का बसतो. त्यांना उदंड आयुष्य आणि धडधाकट प्रकृती लाभो, आणि हे धक्के सोसून वर भांडण्याइतकी ताकद त्यांच्या अंगात कायम राहो.