प्लास्टरताईचं मनगट

हाडांच्या दवाखान्यात तिला सगळे प्लास्टरताई म्हणत. सतरा वर्षं ती लोकांची मोडलेली हाडं बांधत आली होती. पट्टी पाण्यात बुडवायची, पिळायची, कापसावरून गुंडाळायची. हात कसा सराईत चालायचा. टीव्हीतली मारामारी बघून एखाद्या पोराने कपाटावरून भावाच्या अंगावर उडी घेतलेली असली, की ती त्याच्या आईला फैलावर घ्यायची. "पोरं काय बघतात, तिकडे लक्ष नको का द्यायला?"

घरी तिची स्वतःची चौदा वर्षांची लेक फोनवर खुनाखुनीच्या मालिका एकामागून एक बघत होती. आधी सुट्टीपुरत्या, मग जेवताना, मग अंथरुणात पहाटेपर्यंत. डोळे तांबारलेले, डोकं कायम ठणकणारं, वर्गात बाकावर झोप. नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. ताईला दिसत नव्हतं असं नाही. पण दिवसभर उभी राहून आल्यावर भांडायचं त्राण उरायचं नाही. पोरगी गप्प आहे ना, मग बरं आहे, असं म्हणून ती पाठ टेकायची.

एका रविवारी सकाळी तिने फोन काढून घेतला.

"दे."

"आधी अंघोळ कर. काल दुपारपासून पोटात काही नाही तुझ्या."

"शेवटचा भाग आहे. दे म्हणते ना."

ताईने फोन पाठीमागे धरला. लेकीने तिचा हात धरून पिरगाळला. ताई कळवळली, तरी तिने फोन सोडला नाही. मग लेकीने केस मुठीत धरून तिचं डोकं फ्रिजच्या दारावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. फोन खाली पडला. तो उचलायला ताई वाकली, तशी लेकीने तिला दोन्ही हातांनी ढकललं. ताई पंजा टेकतच फरशीवर आदळली आणि मनगटात काडकन झालं. भुवई फुटून रक्त डोळ्यात उतरत होतं. लेकीने फोन उचलला, आईला ओलांडून ती बाहेरच्या खोलीत गेली. लगेच तिकडून किंकाळ्या ऐकू आल्या. मालिका पुढे सुरू झाली होती.

ताई एकटीच दवाखान्यात आली. "बाथरूममध्ये घसरले," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिचा हात उजेडात धरला. "घसरून बोटांचे वळ उठत नाहीत, ताई."

मग मात्र तिला रडू आवरेना. सगळं ऐकून डॉक्टरांनी स्वतःच फोन करून लेकीला बोलावून घेतलं.

ती आली ती कानात फोनच्या तारा घालूनच. तोवर आईच्या हाताला बधिरतेचं इंजेक्शन दिलं होतं.

"त्या काढ आणि आईचं कोपर घट्ट धर," डॉक्टर म्हणाले. "हाड ओढून जागेवर बसवायचंय."

त्यांनी पंजा धरून जोर लावला. आत हाडावर हाड खरखरलं, सरकलं. इंजेक्शन असूनही ताईच्या घशातून एक बारीक, जनावरासारखा आवाज निघाला. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. आईचं कोपर सोडून ती बेसिनकडे धावली आणि ओकली.

"मालिकेत असा आवाज नसतो," तोंड पुसत ती पुटपुटली.

डॉक्टरांनी तिला मुलांच्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाईंनी हिशेब मांडला: आठ महिने ही मुलगी चार तासांच्या वर झोपलेली नव्हती. फोन हळूहळू कमी करायचा, आधी झोप परत आणायची, असं त्यांनी सांगितलं. सांगायला सोपं होतं. पहिल्या महिन्यात लेकीने बापाच्या दंडाचा चावा घेतला, ताटं फोडली, स्वतःचं कपाळ भिंतीवर आपटून रक्तबंबाळ केलं. बापाने लांबच्या फेऱ्या सोडल्या. तिसऱ्या महिन्यात ती एकदा सलग नऊ तास झोपली, आणि उठून स्वतःहून म्हणाली, "भूक लागली."

आता ती संध्याकाळी तासभरच बघते, सगळ्यांसमोर. ताईही तिथेच असते. पण बसते ती दाराजवळच्या खुर्चीत, लेकीचा हात पोचणार नाही इतक्या अंतरावर.