बिनग्लिसरीनची तस्नीम आपा

कराचीत मालिकांमधून आईचं काम करणाऱ्या पुष्कळ, पण रडावं तर तस्नीम आपानं, असं सेटवर चहा देणारेसुद्धा म्हणायचे. सव्वीस वर्षांत तिनं डोळ्याला ग्लिसरीन लागू दिलं नव्हतं. कॅमेरा सुरू व्हायचा अवकाश, धारा लागायच्या. तेवढाच एक गर्व तिच्याजवळ होता.

तिची धाकटी बहीण शगुफ्ता ओरंगीच्या गरीब वस्तीत राहायची. मूत्रपिंडं निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्या बुधवारी आपा डिफेन्स या श्रीमंत वस्तीतल्या भाड्याच्या बंगल्यावर शूटिंगला निघाली, तेव्हा शगुफ्ताला धाप लागली होती. शूटिंगमध्ये मध्येच वाजायला नकोत म्हणून सगळ्यांचे फोन सकाळीच टोपलीत जमा व्हायचे. टोपली सांभाळणाऱ्या सहायिकेला आपानं दोनदा बजावलं, "घरून फोन आला तर लगेच सांग. काही झालंच, तर माझ्या बहिणीचं तोंड तरी मला बघू दे."

फोन अकराला आला. सहायिका आधी दिग्दर्शकाकडे, वामिककडे धावली. हा वामिक गोडबोल्या, आणि मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा. त्यानं तिला गप्प बसवलं आणि घरच्यांना कळवायला लावलं, की आपांना सांगितलंय, निघतायत. त्या दिवशी आपाला पडद्यावरच्या मुलाच्या जनाज्यावर रडायचं होतं. अशी बातमी तो फुकट थोडीच जाऊ देणार!

आपाला यातलं काही ठाऊक नव्हतं. दुपारी ती पोटभर बिर्याणी जेवली, वर बटाटा कमी पडला म्हणून आचाऱ्याची थट्टाही केली.

चारला खाटेवर पांढऱ्या चादरीखाली नट निजला. कॅमेरा सुरू झाला आणि वामिक तिच्या कानाशी वाकला.

"आपा, तुमची शगुफ्ता गेली. सकाळीच. आता रडा."

आपाचे डोळे कोरडे ठाक. तिनं विचारलं, "दफन कधी?"

"असरच्या नमाजानंतर. गाडी दारात उभी आहे. एवढा शॉट द्या, की निघा."

असरला तास उरला होता. आपानं बहिणीला आठवलं, तिचं लहानपण आठवलं, आणि तरी एक टिपूस येईना. वामिक घड्याळ बघून चरफडायला लागला. शेवटी आपानंच हात पुढे केला.

"ग्लिसरीन द्या."

तीन बाजूंनी तीनदा शॉट झाला. शेवटच्या वेळी लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ती ओरंगीत पोचली तेव्हा पुरुष कबरस्तानातून परतले होते. बायका चादरीवर बसून खजुराच्या बिया मोजत दुआ पढत होत्या. त्यांनी मान वर करून बघितलं. आपाचे डोळे लाल, पण कोरडे.

"अकरापासून अम्मीचं तोंड उघडं ठेवलं होतं, खाला," शगुफ्ताची मुलगी महरीन म्हणाली. "निघालात म्हणून कळवलं होतं ना?"

आपानं खरं ते सांगितलं. कुणाला पटलं नाही. इतकं वाईट कोण वागेल, असं एकजण बोललीसुद्धा.

तो भाग दोन महिन्यांनी लागला. आपा महरीनकडेच बसली होती. शेजारच्या घरातून तोच भाग बघणाऱ्या बायकांचे हुंदके ऐकू येत होते. महरीननं टीव्हीचा आवाज बंद केला.

"किती रडलात, खाला."

"ते ग्लिसरीन होतं, बेटा."

"मग अम्मीकडे येतानाही घालून यायचं होतंत."