पहेलवानाचा खांदा

"वकीलबाई, मले जेलात जाऊ द्या, पन माहा हात वर होत नाही असं कोर्टात सांगू नोका."

वामनराव पहेलवान माझ्या पांढरकवड्याच्या ऑफिसात बसून हे बजावत होते. साठीच्या पुढचे, रुंदीला भरपूर, उंचीला बेताचे, मिशा पीळदार. आरोप कलम ३०७चा, म्हणजे खुनाचा प्रयत्न. सिद्ध झाला तर बरीच वर्षं आत.

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. खरेदी केंद्रावर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग तीन-तीन दिवस हलायची नाही. अशाच रांगेत नंबरावरून भांडण पेटलं आणि एका उंच माणसाच्या टाळूवर कोणीतरी उभारी हाणली. उभारी म्हणजे बंडीच्या कडेचा लाकडी दांडा. तो माणूस वाचला, पण महिनाभर दवाखान्यात होता. धुरळ्यात मारणारा कोणाला नीट दिसला नाही. पहेलवान मात्र सगळ्यांच्या ओळखीचे. पोलिसांनी विचारलं, तर म्हणाले, "म्या मारलं असतं त थो उठलाच नसता." असं बोलणं कोर्टात पुरावा ठरत नाही, पण पोलिसांचा संशय पक्का होतो.

खांद्याचं गुपित फोडलं त्यांच्या पत्नीनं, कौसल्याबाईंनी.

"दोन वर्सं झाले, बनियान मलेच घालून द्या लागते," त्या म्हणाल्या.

दोन्ही खांदे आखडले होते. गावात कळू नये म्हणून थेट यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं होतं. तिथल्या रजिस्टरात नोंद होती, आणि तीही भांडणाच्या आधीची. मला आणखी काय हवं होतं? पहेलवानांची परवानगी. तीच मिळेना. मी महिनाभर समजावलं. ते दर वेळी चहा पिऊन नाही म्हणून जायचे.

केस उभी राहिली. सरकारी साक्षीदार म्हणाला, दोन्ही हातांनी दांडा डोक्यावर नेऊन मारला. जखमीवर उपचार केलेल्या डॉक्टरांनी उलटतपासणीत मान्य केलं की घाव वरून खाली, बरोबर टाळूवर आहे. मग न्यायाधीश आरोपीला स्वतः विचारतात, तुम्हाला काही सांगायचं आहे का, तो टप्पा आला. त्या सकाळी मी पहेलवानांना एवढंच सांगितलं होतं, की तुम्ही बोलला नाहीत तर कौसल्याबाईंना साक्षीला उभं करावं लागेल.

पहेलवानांनी मागं पाहिलं. निम्मं गाव बाकांवर होतं, त्यात त्यांच्या आखाड्यातले दोन चेलेही. ते पुन्हा न्यायाधीशांकडे वळले. मग म्हणाले, "साहेब, घरच्या बाईले पिंजऱ्यात उभं करू नोका. मीच सांगतो. माहे हात वर होत नाही."

न्यायाधीशांनी करून दाखवायला सांगितलं. हात छातीपर्यंत आले आणि थांबले. कपाळावर घाम फुटला. साहेब म्हणाले, पुरे, खाली घ्या.

"खाली त येतेत साहेब. वरच जात नाही."

साहेबांनी कागदात मान घातली. त्यांचे खांदे मात्र हलताना दिसले.

पुढं मी यवतमाळच्या दवाखान्यातले डॉक्टर रजिस्टरासकट बोलावले. पहेलवान निर्दोष सुटले. कौसल्याबाई कोर्टाच्या पायरीवर बसून रडल्या. पहेलवानांनी मला बाजूला घेतलं. वाटलं, आभार मानतील.

"निकालाच्या कागदात खांद्याचं लेहेलं हाय काय?"

म्हटलं, चांगली दोन पानं आहेत.

"तेवढं खोडता येते काय?"

तेव्हापासून वकीलपत्रावर सही घेण्याआधी मी अशिलाला विचारून ठेवते: सुटण्यासाठी काय काय कबूल करायची तयारी आहे? गुन्ह्याबद्दल लोक चटकन बोलतात. बाकीच्या गोष्टींना वेळ लागतो.