पिठातला तडा

सुमनसोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे मिरचीची देठं खुडणं. ब्राह्मणपुरीला, आमच्याच ओट्यावर, दुपारच्याला. सुमन म्हणजे माझी बायको. मला ठसका लागला, डोळ्यांना पाणी आलं, तर म्हणते कशी, "डोयाले हात लावू नका. गाव म्हनी, म्हातारा रडस."

"तुन्हा पोऱ्या काय करस ते सांगू का गावले? पवनचक्कीनं पातं कॉम्प्युटरवर मोडस, पगार लेस."

"मोडू द्या. तुम्ही तं घरमा फुकट मोडतस."

संध्याकाळी भिंतीला टेकून बसली, ती उठलीच नाही...

मी चौथी शिकलेला माणूस. भूत, भगत, अंगात येणं — सगळा रिकामटेकड्यांचा धंदा. आजही तेच म्हणतो. तुमच्या सदरातले अनुभव मुलगा वाचून दाखवतो. निम्मे लोक पिऊन लिहितात असं माझं मत आहे. मी पीत नाही, म्हणून लिहितो.

मुलगा दिलीप. सुतकातही त्याचं काम चालूच. पवनचक्कीचं पातं म्हणे काचेच्या धाग्यांचं, थरावर थर चिकटवलेलं. आधी एका थराला तडा जातो, मग तो दोन थरांच्या मधून आडवा धावतो आणि पापुद्रे सुटतात, भिजलेल्या प्लायवूडसारखे. हे आधीच कळावं म्हणून कॉम्प्युटरला रात्रभर जुंपायचं. अरे, धोंडा घाला एक, लगेच कळेल!

आमच्याकडे दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, माणूस गेलं त्या जागी दिवा लावतात, शेजारी ताटात पीठ पसरून टोपलीने झाकतात. सकाळी पिठात ज्याचं पाऊल, तो पुढचा जन्म. मला हसू येतं. पण माझी मोठी बहीण, आक्का, ऐकेना. पीठ सुमननेच दळून आणलेलं. टोपली मी झाकली, वर पाटा ठेवला. त्यानंतर दिलीपने शेजारच्या खोलीत कॉम्प्युटर चालू केला.

सकाळी टोपली उचलली. पाऊल नाही... एक रेघ. सरळ आलेली, मग एकदम वाकलेली, मधे बोटभर कोरी जागा, पुढे दोन फाटे — एक लांब, एक आखूड.

"सरप शे रे हाई," आक्का म्हणाली. "तिन्हा जीव कशामा तरी अडकेल शे."

बाया कुजबुजायला लागल्या. मुंगी दिसली तरी पाऊल उचलून टाकणारी बाई, तिला यांनी साप केली! माझं डोकं फिरलं. एवढ्यात, पीठ बघून खोलीत गेलेला दिलीप कॉम्प्युटर घेऊन आला.

"आबा, अठे या. हाई देखा."

पडद्यावर तीच रेघ. तेच वाकणं, तीच कोरी जागा, तेच दोन फाटे. आजवर प्रत्येक वेळी त्याचा तडा सरळ गेला होता म्हणे.

"तू हाई रेघ आधी देखेल व्हती का?"

"नही आबा. कॉम्प्युटरनं काम आत्तेच पुरं झायं."

आक्काने कपाळाला हात लावला. "म्हनजे सुमन मशीनमा गयी वं माय!"

"ती मिक्सरले घाबरे, कॉम्प्युटरमा कसाले जाई?" मी ओरडलो. कोण ऐकतो? कोणीतरी कॉम्प्युटरला कुंकू लावलं. दुपारपर्यंत दारात चपलांचा ढीग. एकीला पोरीच्या लग्नाचं विचारायचं होतं. विसरवाडीहून एक जण ट्रक कोणी चोरला ते विचारायला आला, नारळ घेऊन! पीठ हलवायचं नाही, दर्शनाला ठेवायचं, असं आक्काने जाहीर केलं. जिवंतपणी हिला यातल्या एकानेही 'ये, बस' म्हटलं नव्हतं. मला एवढंच हवं होतं — तिचा तमाशा होऊ नये.

उंदीर म्हणाल, तर पाटा जागचा हलला नव्हता. पालीला असली रेघ जमत नाही. दिलीप योगायोग म्हणतो, पण म्हणताना खाली बघतो. मला आजही काही सांगता येत नाही. ज्यांना येतं, त्यांनी मला सांगायला येऊ नये.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, लोक जमायच्या आत, मी चूल पेटवली. ताटातलं सगळं पीठ परातीत ओतलं, मळलं, आयुष्यात पहिल्यांदा भाकरी थापली. जाड झाली. बसून मिठाशी खाल्ली, सगळी.

आक्का आली, मागे चार बाया. "पीठ कोठे शे रे?"

"खाई टाकं," मी म्हटलं, आणि तोंड धुवायला उठलो.