काविळीची माळ

आईचे डोळे पिवळे झाले तेव्हा हसनाबादला आमच्या घरात कुणी डॉक्टरचं नाव काढलं नाही. काविळीला माळ, हे आमच्याकडे ठरलेलं. शेजारच्या गावातली एक म्हातारी मुळ्यांचे तुकडे दोऱ्यात ओवून माळ करते. ती डोक्यावर ठेवायची. दोरा सैल होतो तशी माळ वाढते, गळ्यात येते, मग खांद्यावरून, कमरेवरून खाली सरकते. पायात पडली की कावीळ उतरली. मी जालन्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. पण माळ काढ म्हणायची माझी काय टाप?

माळ कमरेपर्यंत आली आणि अडकली. आई अंगानं चांगली भरलेली होती. कावीळ मात्र वाढतच गेली, अंगाला खाज सुटली, तेव्हा मी तिला जवळजवळ ओढतच संभाजीनगरला नेलं. पित्ताशयात कॅन्सरची गाठ निघाली. ती पित्ताच्या नळीवर दाबत होती आणि यकृतातही पसरली होती. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आधी दबलेल्या जागी स्टेंटची बारीक नळी घालून पित्ताला वाट करून देऊ, कावीळ उतरली की किमो सुरू करू. गाठ आवरली तर काही महिने मिळतील. मला रडू आलं नाही, काहीच आलं नाही. बाहेर येऊन चहा घेतला आणि साखर कमी म्हणून चहावाल्याशी भांडले.

स्टेंट बसला. डोळे पांढरे झाले, खाज गेली. आता औषध सुरू करायचं, तर आई गावी जाऊन बसली.

"कावीळ गेली ना? मंग सलाईन कशाला?"

"कावीळ त्या नळीनं गेली, आई. गाठ हाय तिथंच हाय."

"माळंनं गेली. तू शिकलेली, तुला पटत न्हाई."

"माळ तर कमरंत अडकून बसली," मी चिडून म्हणाले.

आई लुगड्यावरून कमर चाचपत म्हणाली, "बराबर हाय. म्हंजे आजून बाकी हाय. चल मंग. पण माळ काढायची न्हाई."

डॉक्टरांना आणि मला जे जमलं नाही ते माळेनं केलं. मी वाद घातला नाही.

लागोपाठ दोन आठवडे औषध, तिसऱ्या आठवड्यात सुट्टी, असं चाललं. दोन औषधं एकामागून एक शिरेत जायची, आणि मूत्रपिंड जपायला सलाईनच्या बाटल्या वेगळ्या. नर्सनं माळ पाहिली आणि चादर वर ओढली. परतीच्या बसमध्ये आई पिशवीत ओकायची. पुढंपुढं तिची बोटं बधिर झाली, तव्याचा चटका बसला तरी कळेना. मलाही फारसं काही कळत नव्हतं. रजेचा अर्ज, रक्ताचा रिपोर्ट, बसची वेळ, एवढंच डोक्यात असायचं.

मग स्कॅन झालं. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. गाठ वाढली होती, औषध लागू पडलं नव्हतं. दुसरं एक औषध आहे म्हणाले, पण ते सोसण्याइतकी ताकद आता तिच्यात नाही, घरीच ठेवा. आई बाहेर बाकावर बसली होती. तिला काय सांगायचं ते घरी पोचेपर्यंत मला सुचलं नाही.

संध्याकाळी ती खाटेवरून उठली आणि माळ लुगड्यातून घसरून पायाशी पडली. अडवायला कमरच उरली नव्हती.

आई वाकून उचलायला गेली, पण बोटांत धरवेना. मी उचलून तिच्या हातात दिली.

"उतरली," ती म्हणाली. "आता दवाखान्यात न्यायाची न्हाईस ना मला?"

"न्हाई," मी म्हणाले. "आता न्हाई न्यायाची."

तेव्हा कुठं मला रडू फुटलं. आई आपला बधिर हात माझ्या पाठीवरून फिरवत राहिली.

"आता कशाला रडून राह्यली? बरी झाले ना मी."